लीवियाबाईंचं अकरावं वाक्य

बाई, कालच्या पेपरात तुमच्या आवाजाचं कौतुक छापून आलंय. 'त्यांच्या मधाळ, कोवळ्या आवाजाने एका पिढीला वेड लावले' असं लिहिलंय. मी ती ओळ तीनदा वाचली आणि पेपरची घडी घालून फ्रीजवर ठेवून दिली, नाहीतर फाडलाच असता. मधाळ म्हणे! तुम्ही विहाराच्या हॉलमध्ये पहिल्यांदा तोंड उघडलंत तेव्हा आमच्या नाटकाच्या ग्रुपमधल्या शोभाने दचकून मागे बघितलं होतं, की हे कोण आजोबा आलेत.

लिहिणाऱ्याची तरी काय चूक म्हणा. त्याने मोबाइलवर तुमचा एखादा जुना सिनेमा लावून बघितला असेल. त्यात चेहरा तुमचा आहे आणि आवाज दुसऱ्याच बाईचा आहे, हे त्याला कोण सांगणार? तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत. मी सांगू शकले असते, पण भोसरीच्या वर्कशॉपमधल्या बाईला इटलीच्या नटीबद्दल कोण विचारायला येतंय.

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. गुरुवार आहे, एमआयडीसीला सुट्टी. दर गुरुवारी जेवण उरकून मी प्राधिकरणात तुमच्या घरी यायला निघायचे. आज धुणं वाळत घातलं, केस विंचरले, पायात चपला घातल्या, आणि दाराला कुलूप लावताना लक्षात आलं की जायचं कुठेच नाही. तशीच परत आत आले आणि हे लिहायला बसले.

परवा शनिवारी दुपारी चार वाजता आपला प्रयोग आहे. तो होणार आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. कसा होणार ते सांगायला मात्र वेळ लागेल. कारण त्याच्या मुळाशी माझी एक चूक आहे, आणि ती मी तुमच्यासमोर कधी कबूल केली नाही. तुम्ही होतात तोवर मला वाटत राहिलं, सांगू की, घाई काय आहे.

अकरा वर्षांपूर्वी तुम्हाला आमच्यात आणलं ते दत्ताभाऊंनी. मोशीचा हा माणूस दिवसा लोकांच्या घरचं वायरिंग करतो आणि संध्याकाळी आमच्या ग्रुपचे लाइट आणि साउंड सांभाळतो. तुमचा गीझर दुरुस्त करता करता त्यांनी भिंतीवरचे तुमचे तरुणपणीचे फोटो बघितले आणि सरळ विचारलं, "बाईसाहेब, आमी कामगार मानसं नाटक करतो. येता का बघाया?" तुमच्या साहेबांना, म्हणजे यजमानांना, जाऊन तेव्हा वर्षच झालेलं. तुम्ही आलात. काळेवाडीतल्या आमच्या विहारात, चपला दारात काढून, सुती साडीला तीन ठिकाणी पिना लावून, तुम्ही मागे सतरंजीवर मांडी घालून बसलात. पांढरे केस, गोरीपान, सत्तरीची बाई. आम्ही कामगार नाट्यस्पर्धेची तालीम करत होतो आणि मी जीव तोडून काम करत होते.

"तांबा!" तुम्ही म्हणालात.

'थ' तुमच्या जिभेला शेवटपर्यंत जमला नाही. चाळीस वर्षं चिंचवडमध्ये संसार केलात, सासूबाईंकडून पुणेरी मराठी उचललंत, पण 'थांबा'चा 'तांबा' तो 'तांबा'च राहिला. आता आमच्या वर्कशॉपमध्येसुद्धा मशीन बंद करायचं असलं की बायका 'तांबा' म्हणतात, नव्या मुलींना ते कुठून आलं हे माहीतही नाही.

"तुम्ही सगळे ओरडता आहात," तुम्ही त्या जाडजूड, घोगऱ्या आवाजात म्हणालात. "बोलत कुणीच नाही."

मला राग आला होता, बाई. ही कोण कुठली आणि आम्हाला शिकवायला आली, असं वाटलं. पण तुमचं खरं होतं. मी चौदा वर्षं पॉवर प्रेसवर, पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर काढली. दिवसभर धाड-धाड-धाड. तिथे आवाजाला दोनच जागा, एकतर बेंबीच्या देठापासून ओरडायचं, नाहीतर गप्प बसायचं. मधलं काही नाही. ती मधली जागा आम्हाला तुम्ही दाखवलीत. रोज तालमीआधी एका श्वासात तीसपर्यंत मोजायला लावायचात, तेही तुमच्या भाषेत. "मराठी आकडे म्हटले की तुमच्या डोक्यात बाजार सुरू होतो," म्हणायचात. ऊनो, दुए, त्रे, क्वात्रो, चिंक्वे. काळेवाडीच्या विहारात बारा-पंधरा कामगार आणि वर बाबासाहेबांचा फोटो, आणि आम्ही सगळे इटालियनमध्ये मोजतोय. खालच्या दुकानदाराला वाटायचं, आम्ही कसला तरी पाठ करतो.

खोटं कशाला बोलू, त्या मोजण्याचा मला नाटकापेक्षा जास्त उपयोग झाला. गेल्या वर्षी प्रेसला बोटं वाचवणारे गार्ड बसवायचे म्हणून मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले होते. आधीची वंदना असती तर ओरडली तरी असती किंवा रडली तरी. मी दारात तीसपर्यंत मोजलं आणि आत जाऊन बोलले. पंधरवड्यात गार्ड बसले. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही नुसतं पिठलं वाढलंत. पिठलं तुम्हाला फार आवडायचं, तुमच्या गावाकडे मक्याचं असंच काहीसं करतात म्हणून.

आता त्या गुरुवारचं सांगते. तुम्हाला आठवतच असेल, पण मला एकदा सगळं ओळीने मांडायचंय.

प्रेसवर काम करणाऱ्या बाईला एक विद्या आपोआप येते. आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही ओठांनी बोलतो. घशातून हूं की चूं नाही, फक्त ओठ. समोरची वाचते आणि तशीच उत्तर देते. सुपरवायझर शेजारी उभा असला तरी त्याला पत्ता लागत नाही. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा नवरा प्यायला लागलाय, सुपरवायझरची पँट कशी ढिली झालीय, सगळं बिनआवाजी चालायचं. शोभा बीडहून आली तेव्हा महिनाभर रडत होती, की बायका माझ्याशी बोलतच नाहीत. मग तिला वाचता यायला लागलं आणि आता ती शंभर फुटांवरून वाचते.

तर त्या गुरुवारी तुम्ही तुमचा एक सिनेमा लावलात. लॅपटॉपचा स्पीकर गेला होता, म्हणून चित्र दिसत होतं, आवाज नव्हता. काळा-पांढरा सिनेमा. विशीतल्या तुम्ही खिडकीशी उभ्या होतात आणि रडत काहीतरी बोलत होतात. बंदरावरून जहाज निघालेलं. हा तुमचा सगळ्यात गाजलेला प्रसंग, असं तुम्ही सांगत होतात, त्यावर लोकांनी लेखच्या लेख लिहिलेत. मी सवयीने ओठांकडे बघत बसले. आणि मला वाचता यायला लागलं.

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही आकडे मोजताय!"

तुमच्या हातातला चहा बशीत सांडला.

"हे बघा, क्वात्रो, चिंक्वे. चौदाला हुंदका दिलाय. बाविसाला वर बघितलंय. बाई, तुम्ही रडता रडता तीसपर्यंत मोजलंय!"

तुम्ही आधी घाबरलात. एवढ्याशा झालात. मग जे हसायला लागलात ते थांबेचनात. "पन्नास वर्षं, वंदना," म्हणालात. "पन्नास वर्षांत कुणी पकडलं नाही." आणि मग त्या दिवशी तुम्ही सगळं सांगितलंत. लोकरीच्या गिरणीत काम करणाऱ्या बापाची तुम्ही मुलगी. सतराव्या वर्षी कुणा फोटोवाल्याने बघितलं आणि रोमला नेलं. पहिल्या दिवशी दिग्दर्शकाने तुम्हाला दोन वाक्यं बोलायला लावली आणि शेजारच्याला म्हणाला, चेहरा ठेवा, आवाज बदला. तुमच्याकडे तेव्हा रीतच होती तशी. शूटिंगच्या वेळी आवाज घ्यायचाच नाही, नंतर अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघत कुणीतरी बोलायचं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा वेगळंच असायचं. संवाद लिहून झाले नसले तर म्हणायचे, तू नुसती मोज, आम्ही मागून भरतो. तुम्ही तीसेक सिनेमे केलेत आणि एकातही तुमचा आवाज नाही.

मला चीड आली, तुम्हाला नव्हती. तुमच्या तोंडून बोलणाऱ्या बाईला तुम्ही एकदा लपून बघायला गेला होतात म्हणे. चार मुलांची आई, बसने यायची, दोन प्रसंगांच्या मध्ये स्वेटर विणायची. त्या खिडकीच्या प्रसंगाला ती पडद्याकडे बघत खरोखर रडली. "ती माझ्यापेक्षा चांगली रडली," तुम्ही म्हणालात. "तिच्यावर कसला राग? तिचा तर चेहराही कुणाला माहीत नाही."

पुढे एका करारात तुम्ही अट घातलीत, की माझा आवाज माझाच राहील. तो माणूस हसला. तुम्ही उठून आलात ते परत गेला नाहीत. त्याच वर्षी ट्रामच्या थांब्यावर तुम्ही पाठमोऱ्या उभ्या राहून कुणाशी तरी भांडत होतात, आणि मागे तुमचे साहेब होते, चिंचवडहून कंपनीने ट्रेनिंगला पाठवलेले. त्यांनी तुमचा एकही सिनेमा बघितलेला नव्हता. त्यांनी आधी आवाज ऐकला आणि मग चेहरा बघायला पुढे आले. हे सांगताना तुम्ही लाजला होतात. पंचाहत्तरीच्या बाईला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

हे सगळं मला माहीत होतं, बाई. माहीत असूनही मी ते केलं.

तीन वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका मंडळाने तुमचा सत्कार ठेवला. तुम्ही चार दिवस खपून भाषण लिहिलंत, मराठीत, देवनागरीत, मोठ्या मोठ्या अक्षरांत. मला फोनवर वाचून दाखवलंत. आदल्या दिवशी त्यांच्यातल्या एका माणसाचा मला फोन आला. "ताई, मॅडमचे उच्चार लोकांना कळायचे नाहीत. आवाज पण जरा कसातरी आहे. तुमचा आवाज छान तयार आहे, तुम्ही वाचता का त्यांच्या वतीने?"

आणि मी हो म्हटलं. वर तुम्हालाही मीच पटवलं. "तुम्हाला दगदग नको," म्हटलं. खरं कारण सांगते, मला मोह झाला. आठशे माणसांचं नाट्यगृह, हातात माईक, आणि प्रेसवरची वंदना. मी जांभळी पैठणी नेसले होते. तुम्ही हार घालून माझ्या शेजारी उभ्या होतात, हात जोडून, हसऱ्या चेहऱ्याने. मी वाचायला लागले. टाळ्या पडत होत्या. दुसरं पान उलटताना माझी नजर तुमच्याकडे गेली.

तुमचे ओठ हलत होते.

ऊनो, दुए, त्रे.

आठशे माणसांत ते वाचता येणारी मी एकटी होते. मला त्याच क्षणी माईक तुमच्या हातात द्यायला हवा होता. मी दिला नाही. मी मान खाली घातली आणि शेवटपर्यंत वाचलं, आणि छान वाचलं, तुम्हीच शिकवल्यासारखं, न ओरडता. रिक्षातून येताना तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून म्हणालात, "सुंदर वाचलंस." तुम्हाला माहीत होतं का, की मी बघितलं? मला वाटतं, माहीत होतं. तुम्ही विषय काढला नाहीत आणि माझी हिंमत झाली नाही.

चुकले, बाई. रोममधल्या त्या स्वेटर विणणाऱ्या बाईला दुसरा इलाज नव्हता. मला होता.

माफी मागता येईना म्हणून मी नाटक लिहिलं. तुम्ही दहा वर्षं आम्हाला शिकवत होतात पण स्टेजवर पाऊल ठेवत नव्हतात. "माझा आवाज स्टेजचा नाही," हे पालुपद. मी तुमच्यासाठीच भूमिका लिहिली. बंद पडलेल्या प्रेस शॉपच्या दारात खुर्ची टाकून बसलेली एक म्हातारी. तिच्यासमोरून सगळे येतात-जातात, आपापली रड सांगतात. म्हातारीला अख्ख्या नाटकात फक्त अकरा वाक्यं. कुठल्या गावची, उच्चार असे का, काही खुलासा नाही. आपल्याकडे कुणी बीडचं, कुणी रत्नागिरीचं, कुणी कुठलं. इथे कोण कुणाला विचारतंय. तुम्ही स्क्रिप्ट घेतलंत, चष्मा लावून वाचलंत, आणि म्हणालात, "दहा वाक्यं बोलेन. अकरावं नाही."

आपलं भांडण ते इथून सुरू झालं.

अकरावं वाक्य माझ्या आईचं होतं. आई कंपनीच्या कँटीनमध्ये भाजी चिरायची. घर बदलायचं ठरलं, माझं लग्न ठरलं, माझ्या बहिणीची शाळा बंद करायचं ठरलं, प्रत्येक वेळी सगळे बोलून झाले की ती पदराला हात पुसत म्हणायची, "माझं काही म्हणणं नाही." मला त्यात तिचा मोठेपणा दिसायचा. नाटकाच्या शेवटी सगळे निघून जातात आणि म्हातारी प्रेक्षकांकडे बघून तेच म्हणते, असं मी लिहिलं होतं.

"हे खोटं आहे," तुम्ही म्हणालात. "तुझ्या आईला कुणी विचारलं होतं का, तुमचं म्हणणं काय आहे म्हणून?"

"बाई, माझ्या आईवर जाऊ नका."

"मी आईवर नाही जात. मी तिच्या बाजूने बोलते आहे. हे वाक्य मी चौदा वर्षं बोलले, वंदना, आकडे मोजून. आता नाही बोलणार." आणि पेन घेऊन तुम्ही माझ्या स्क्रिप्टवर खाली लिहिलंत, 'माझं म्हणणं अजून संपलेलं नाही.'

मी म्हटलं, हे फार सिनेमातलं वाटतं. तुम्ही म्हणालात, सिनेमात मला असलं वाक्य मिळालं असतं तर मी इथे कशाला आले असते. मी दोन गुरुवार तुमच्याकडे आले नाही. आता ते दोन गुरुवार मला परत हवे आहेत.

तालमीला मात्र आपण दोघी हट्टाने येत राहिलो. तुम्ही दहा वाक्यं म्हणायचात आणि अकराव्याला तोंड मिटून माझ्याकडे बघायचात. "लेखिकाबाई, वाक्य बदललं का?" मी म्हणायचे, नाही. "मग मी पण नाही." शोभा डोक्याला हात लावायची. शेवटच्या तालमीलाही हेच झालं. रविवार होता. तुम्ही चपला घालताना माझ्या खांद्याचा आधार घेतलात आणि परत विचारलंत, "बदललं?" मी नाही म्हणून मान हलवली. मंगळवारी सकाळी तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा फोन आला.

स्मशानात मी रडले नाही. इटलीतून, टोरिनोहून, तुमचा भाचा व्हिडिओ कॉलवर होता, दत्ताभाऊंनी मोबाइल धरला होता, आणि त्या पोराला काय दिसतंय, काय नाही, हेच आम्ही बघत होतो. घरी आल्यावर तीसपर्यंत मोजायला गेले आणि सहाच्या पुढे जाता येईना.

परवा ग्रुपची मीटिंग झाली. दत्ताभाऊ आधी बोलले. "वंदनाताई, प्रयोग रद्द करू. बाई न्हाई तर कशाला करायचं?" कुणी म्हणालं, दुसरी म्हातारी शोधू, अकराच तर वाक्यं आहेत. मग एकाला सुचलं, की तालमीचं सगळं रेकॉर्डिंग आहेच. बाईंचा आवाज स्पीकरवरून सोडू आणि शोभा म्हातारी होऊन ओठ हलवेल. कामगार नाट्यस्पर्धेत ध्वनिमुद्रित संवाद चालत नाहीत, पण ओठ नीट जुळले तर परीक्षकांना कळणारही नाही. शोभाची मुख्य भूमिका दुसरी कुणीतरी करेल.

सगळ्यांना ते आवडलं. मी उठून उभी राहिले, आणि बाई, मी ओरडले. तुम्ही शिकवलेलं सगळं विसरून प्रेसवरच्यासारखी ओरडले. म्हटलं, आयुष्यभर त्या बाईच्या चेहऱ्यावर दुसरीचा आवाज लावला. आता तिच्या आवाजावर दुसरीचा चेहरा लावता? मग मी त्यांना सत्काराचं सांगितलं. आकड्यांचं सांगितलं. माझ्या पैठणीसकट सगळं.

शेवटी शोभा म्हणाली, "मला या वर्षी बक्षीस पायजे हाय, खोटं कशाला बोलू. पर बाईच्या आवाजावर तोंड हलवायचं म्हणशाल, तर म्या न्हाई हलवणार. खुर्ची रिकामी ठिवा. बाई बोलंल."

"ते नियमात बसत न्हाई," दत्ताभाऊ म्हणाले. "बाद करत्याल."

"मंग हूं द्या बाद."

दत्ताभाऊंनी थोडा वेळ वायरची गुंडाळी केली, सोडली, परत केली. मग म्हणाले, "व्हय. चोरून कशाला करायचं? आपुनच लिहून देऊ, स्पर्धेबाहेर धरा म्हनून." तसं पत्र आम्ही काल दिलं. आयोजकांनी तारीख आणि वेळ तीच ठेवली. गेल्या वर्षी आपण थोडक्यात हुकलो होतो, या वर्षी सगळ्यांना आशा होती, आणि तरी एकाचाही हात खाली राहिला नाही. तुम्ही हे बघायला हवं होतं.

तर शनिवारी स्टेजवर तुमची खुर्ची असेल, तिच्यावर तुमची ती निळी शाल, आणि दहा वाक्यं तुमच्या आवाजात जातील. तुमच्या स्वतःच्या, घोगऱ्या, 'थ' न येणाऱ्या आवाजात. सातव्या वाक्यात तुम्ही अडखळलात आणि "तांबा, परत घेते" म्हणालात, तेही ठेवलंय. दत्ताभाऊ कापायला निघाले होते, मी त्यांचा हात धरला. पेपरातल्या त्या माणसालाही मी पास पाठवलाय. येऊन ऐक म्हणावं, मधाळ आहे का ते.

राहिलं अकरावं. ते कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाही, आपल्या दोघींच्या हट्टामुळे. मीटिंगमध्ये सगळे म्हणाले, वंदनाताई, ते तुम्ही म्हणा. मी म्हणणार आहे, पण माझा आवाज तुमच्या वाक्यावर चढवणार नाही. एकदा चढवला तेवढा पुरे. सगळे निघून गेले की मी तुमच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहणार आणि ते नुसतं ओठांनी म्हणणार, प्रेसवर म्हणायचो तसं. मागच्या रांगांतल्या लोकांना वाटेल मी वाक्य विसरले. वाटू दे. पहिल्या तीन रांगा मी भोसरीच्या बायकांसाठी धरून ठेवल्यात.

आणि वाक्य तुमचंच घेतलंय. आईचं खोडलं. तुम्ही म्हणत होतात ते खरं आहे, तिला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. जिंकलात तुम्ही, बाई. फक्त जरा उशिरा कळवतेय.

इथवर लिहून मगाशी गॅलरीत गेले होते. म्हटलं, लांबून वाचता येतं का बघावं. शोभा समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती, मध्ये अख्खा रस्ता, त्यावर गाड्या. मी तिला हात केला आणि काही न सांगता ओठ हलवले, सावकाश, एकेक अक्षर. तिने हातातली चादर कठड्यावर टाकली, डोळ्यांवर हात धरला आणि "परत" अशी खूण केली. मी परत केलं.

मग शोभाने कळलं म्हणून मान डोलावली, आणि तुम्ही असतात तर 'ओरडू नकोस, बोल' म्हणाला असतात अशा आवाजात, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं, वाचून दाखवलं:

"माझं म्हननं अजून संपलं न्हाई!"

खाली रस्त्यावरची माणसं थांबून वर बघायला लागली.